राखेचा बुधवार ते एक मे : मिशन शाळेचं पत्रक कसं वाचायचं

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हालाही समजेल. तुम्ही गेल्या जूनमध्ये गडहिंग्लजहून कोल्हापुरात राहायला आलात आणि मुलीला दुसरीत एका ख्रिस्ती संस्थेच्या शाळेत घातलंत. परवा शाळेनं फेब्रुवारी ते मे असं एक छापील पत्रक दिलं. त्यात राखेचा बुधवार, झावळ्यांचा रविवार, गुड फ्रायडेची सुट्टी, ईस्टरच्या कार्यक्रमाला पांढरा पोशाख, तोंडी परीक्षा, फी, सकाळची शाळा असं सगळं एकाखाली एक आलंय. यातलं सक्तीचं काय, चुकवलं तर चालण्यासारखं काय, ते तुम्हाला कळेना. शिवाय कुलदैवत जोतिबा, चैत्र यात्रेला जायचं ठरलेलं, आणि तोंडी परीक्षा नेमकी त्याच आठवड्यात. वर सासऱ्यांचा प्रश्न आहेच : 'पोरीला तिथं प्रार्थनेला बसवतात का?'

मी स्वतः कोल्हापूरची मराठी ख्रिस्ती. अठ्ठावीस वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची नऊ पर्यवेक्षिका म्हणून. आधी मराठी माध्यमाच्या मिशन शाळेत होते, नंतर सिस्टर चालवतात अशा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. ही पत्रकं मी दोन्हीकडं लिहिली आहेत आणि त्यातल्या चुकाही केल्या आहेत. दोन शाळांच्या रीती एक नव्हत्या, हे आधीच सांगते. कॅथलिक शाळेत राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावतात. आमच्या जुन्या प्रोटेस्टंट शाळेत नुसतीच प्रार्थना असायची. तुमची शाळा कुठल्या पंथाची, अनुदानित की विनाअनुदानित, राज्य मंडळाची की सीबीएसईची, यावर बरंच काही फिरतं. जिथं फिरतं तिथं सांगेन.

खरी अडचण तारखा जास्त आहेत ही नाही. त्या पत्रकात तीन मालकांच्या तारखा एकाच टाईपात छापलेल्या असतात, ही आहे. काही तारखा चंद्र ठरवतो, काही सरकार ठरवतं आणि काही शाळा. चंद्राची आणि सरकारची तारीख हलत नाही. शाळेची हलते, फक्त कुणीतरी वेळेत विचारावं लागतं. पत्रक घ्या आणि प्रत्येक ओळीपुढं चं, स किंवा शा लिहा. दहा मिनिटांचं काम आहे.

चंद्राचं थोडं सविस्तर सांगते, कारण कोल्हापूरकरांना ते फार कामाला येतं. ईस्टर दर वर्षी वेगळ्या तारखेला का येतो, असं पालक विचारायचे. चर्चचा हिशेब असा, की २१ मार्च किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल, तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. पौर्णिमा रविवारीच आली तर पुढचा रविवार. म्हणून ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या मध्येच कुठंतरी पडतो. त्याच्या ४६ दिवस आधी राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, आणि ईस्टरच्या आधीचा रविवार तो झावळ्यांचा. मधले रविवार वगळले की उपवासाचे चाळीस दिवस उरतात.

आता ही पौर्णिमा म्हणजे आपली कुठली? एकतर होळीची, नाहीतर चैत्राची. होळी पौर्णिमा २१ मार्चच्या आधी येऊन गेली असेल तर ईस्टर चैत्री पौर्णिमेच्या मागोमाग येतो, म्हणजे जोतिबाच्या यात्रेला चिकटून. होळीच उशिरा असेल तर ईस्टर तिच्या मागं येतो, म्हणजे रंगपंचमीला चिकटून. चर्च आकाशातला चंद्र बघत नाही, कोष्टकातला बघतं, त्यामुळं २०१९ सारखं एखादं काठावरचं वर्ष या ठोकताळ्यात बसत नाही. बाकी वर्षांना तो चालतो. घरातलं पंचांग उघडा, होळी बघा आणि सांगा, यंदा शाळेची गाठ जोतिबाच्या गुलालाशी पडणार की पंचमीच्या रंगाशी.

हे मला कुणी शिकवलं नाही, फजितीतून कळलं. २०२४ साली होळी पौर्णिमा २४-२५ मार्चला होती आणि ईस्टर ३१ मार्चला. सोमवारी मुलांचा ईस्टरचा कार्यक्रम, म्हणून शनिवारी, ३० तारखेला, रंगीत तालीम ठेवली. पत्रक मीच लिहिलं होतं. शनिवारी सकाळी साठातली चौदा मुलं आली. शिपाईमामा म्हणाले, 'बाई, आज रंगपंचमी हाय, कोण यील?' कोल्हापुरात रंग धुळवडीला नाही, पंचमीला खेळतात, हे माहीत असूनही माझ्या डोक्यात फक्त चर्चचं कॅलेंडर होतं. सोमवारी पांढऱ्याशुभ्र पोशाखात देवदूत उभे राहिले आणि निम्म्यांचे कान हिरवे. एका पालकांनी फोटो काढून मला पाठवला, खाली लिहिलं होतं, 'रंगीत तालीम झाली की, बाई.'

यंदा, २०२६ ला, होळी ३ मार्चला लागून आहे, म्हणजे २१ तारखेच्या बरीच आधी. त्यामुळं ईस्टर चैत्री पौर्णिमेमागं येतो. राखेचा बुधवार १८ फेब्रुवारी, झावळ्यांचा रविवार २९ मार्च, गुड फ्रायडे ३ एप्रिल, ईस्टर ५ एप्रिल. चैत्र पौर्णिमा १ आणि २ एप्रिल अशी दोन दिवसांत विभागली आहे. म्हणून तुमची यात्रा आणि शाळेचा पवित्र सप्ताह एकमेकांवर आले. कुणी मुद्दाम केलेलं नाही. पुढच्या वर्षी उलट होणार : फाल्गुन पौर्णिमा २२ मार्चला, गुड फ्रायडे २६ ला आणि ईस्टर २८ मार्च २०२७ ला. पुढच्या वर्षी रंगपंचमी सांभाळा.

येत्या बुधवारचं बोलूया. त्या दिवशी शाळा नेहमीसारखी भरते. परिपाठाच्या जागी प्रार्थना असते, आणि कॅथलिक शाळा असेल तर राख. ही राख मागच्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली असते, आपण मातीचे आणि मातीत जाणार याची आठवण म्हणून. दुसऱ्या दिवशी १९ तारखेला शिवजयंती. म्हणजे बुधवारी काही कपाळांवर राख आणि गुरुवारी त्याच कपाळांवर चंद्रकोर. आमच्या शाळेत हे दोन दिवस जवळ जवळ आले की फेटे, झांजा आणि प्रार्थनेची पुस्तकं स्टाफरूमच्या एकाच टेबलावर पडलेली असायची.

मुलीला राख लावून घ्यायची नसेल, किंवा प्रार्थनेला बसवायचं नसेल, तर? सासऱ्यांना हे दाखवा : भारताच्या राज्यघटनेचं कलम २८ (३). सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षण घेण्याची किंवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढून चालवण्याचा हक्क कलम ३० देतं, तोही खराच, पण त्यानं हे कलम पुसलं जात नाही. म्हणजे शाळा बोलावू शकते, ओढून नेऊ शकत नाही.

पण कलम खिशात ठेवा, हातात धरून जाऊ नका. वर्गशिक्षिकेला कॅलेंडरमध्ये, म्हणजे शाळेच्या डायरीत, दोन ओळी लिहा : 'माझ्या मुलीला राख लावू नये, ती प्रार्थनेच्या वेळी शांत बसेल', किंवा 'ती त्या वेळी वाचनालयात बसेल'. अठ्ठावीस वर्षांत अशा चिठ्ठ्या दरवर्षी दोन-तीन आल्या आणि एकीवरूनही वाद झाला नाही. वाद व्हायचा तो चिठ्ठी न देता दुसऱ्या दिवशी आलेल्या फोनवरून. माझ्या वर्गात पंचेचाळीस मुलं असायची आणि त्यात ख्रिस्ती चार-पाच. बाकीची चाळीस प्रार्थनेला बसायची आणि घरी जाऊन शुभंकरोति म्हणायची. माझं मत विचाराल तर मुलीला बसू द्या आणि घरी आल्यावर काय ऐकलं ते विचारा. पण हे माझं मत झालं. निर्णय तुमचा, आणि तो लेखी कळवायचा.

उपवासकाळात मुलांना एक छोटी कागदी पेटी देतात, त्यागाची पेटी. आईस्क्रीमचे, खासबागेतल्या भेळेचे पैसे वाचवून त्यात टाकायचे आणि ईस्टरला गरजूंसाठी द्यायचे. ही फी नाही. रिकामी पेटी परत आली तरी कुणी मोजत नाही. उलट एक वडील पाचशेची नोट घडी घालून कोंबायचे आणि मुलगा वर्गात सांगत फिरायचा. त्यात त्याग कुणाचा झाला, देव जाणे.

जेवणाच्या डब्याचंही विचारलंय तुम्ही. आपल्याकडं बुधवार, शुक्रवार, रविवार हे मटणाचे वार, आणि चर्चनं नेमके बुधवार आणि शुक्रवारच कडक करून ठेवलेत! कॅथलिक घरं राखेच्या बुधवारी आणि उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस टाळतात. प्रोटेस्टंटांत घराघराची रीत वेगळी. तुमच्या डब्यावर शाळेचं बंधन नसतं. तरी त्या दिवशी सुक्कं मटण शाळेत न पाठवलेलं बरं, शेजारच्या पोराचा जीव तुटतो.

आता तोंडी परीक्षा आणि जोतिबा. तोंडीची तारीख शाळेची, म्हणजे हलणारी. दुसरीच्या वर्गाची तोंडी एका दिवसात होतच नाही, तीन-चार दिवस चालते. हजेरी क्रमांकानं मुलं बोलावतात आणि कुणी राहिलं तर शेवटच्या दिवशी घेतात. तुमच्या मुलीचा नंबर अलीकडं घेणं म्हणजे बाईंना यादीत एक रेघ मारणं. मात्र हे आठ-दहा दिवस आधी सांगितलं तर. यात्रेहून आल्यावर सांगितलं, तर आज्ञा गुरुवार (गुड फ्रायडेच्या आदला दिवस), गुड फ्रायडे, ईस्टर असे दिवस लागून असतात, ख्रिस्ती शिक्षक चर्चच्या कामात अडकलेले असतात, आणि गुणांची यादी तोवर कार्यालयात गेलेली असते. मग नाही म्हणायची वेळ येते. नकार भक्तीला नसतो, यादी बंद झालेली असते.

अर्जात कारण खरं लिहा. 'मुलगी आजारी' असं लिहून सोमवारी भांगात गुलाल घेऊन आलेली मुलं मी खूप पाहिली. गुलाल चार अंघोळींनीही जात नाही. 'कुलदैवत श्री जोतिबाच्या चैत्र यात्रेसाठी १ व २ एप्रिल रोजी अनुपस्थित राहील, तोंडी परीक्षा त्याआधी घ्यावी ही विनंती', एवढं पुरे. वाडी रत्नागिरी, म्हणजे जोतिबाचा डोंगर, शहरापासून अठरा-वीस किलोमीटरच आहे, पण त्या दिवसांत रस्त्यावर सासनकाठ्या (देवाच्या मानाच्या उंच काठ्या) आणि माणसांचा पूर असतो; सकाळी दर्शन आणि अकराला शाळा असला बेत करू नका. सीबीएसईची शाळा असेल तर बहुधा नवीन इयत्तेचे पहिलेच दिवस चालू असतील. तिथं तोंडीचा प्रश्न नसेल, पण पुस्तकवाटप आणि नवी तुकडी त्याच दोन-तीन दिवसांत ठरते, ती चौकशी करून जा.

इथवरचं थोडक्यात : बुधवारच्या राखेबद्दल आजच दोन ओळी, तोंडीसाठी मार्चच्या मध्यापर्यंत अर्ज, आणि ३ ते ५ एप्रिल हे तीन दिवस हलणार नाहीत.

गुड फ्रायडेला राज्यात सार्वजनिक सुट्टी असते. ईस्टर रविवारीच असतो. सोमवारी सुट्टी असतेच असं नाही, ती शाळेच्या मर्जीवर, पत्रक बघा. आणि एक विनंती, पत्रकात कुणी छापत नाही म्हणून मी करते. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'हॅपी गुड फ्रायडे' पाठवू नका. फुलांची चित्रं, हात जोडलेले स्टिकर, काही नको. तो येशूच्या मरणाचा दिवस. वर्षश्राद्धाला आपण कुणाला शुभेच्छा देतो का? नावात 'गुड' आहे, त्यानं लोक फसतात. मराठीत आम्ही उत्तम शुक्रवारही म्हणतो, त्यानं गोंधळ वाढतोच. त्या दिवशी दुपारी बारा ते तीन चर्चमध्ये उपासना असते, क्रुसावरून येशूनं काढलेल्या सात उद्गारांवर मनन होतं. येऊन मागच्या बाकावर बसलात तरी चालतं. अभंगाच्या चालीवरची भजनं पेटी-तबल्यावर ऐकून बरेच जण चकित होतात. शुभेच्छा द्यायच्या त्या रविवारी, पुनरुत्थानाच्या दिवशी. तेव्हा भरभरून द्या.

झावळ्यांच्या रविवारची मिरवणूक आणि ईस्टरची पहाटेची उपासना ही निमंत्रणं आहेत. रविवारी हजेरी घेत नाहीत. मुलांना झावळ्या हलवत चालायला आवडतं, एवढंच. शाळेतला ईस्टरचा कार्यक्रम शाळेच्या वेळात असेल तर त्याची हजेरी लागते, भाग घेणं ऐच्छिक. सूचनेच्या भाषेकडं बघा : 'उपस्थिती आवश्यक' आणि 'सहर्ष निमंत्रण' हे दोन शब्दप्रयोग आम्ही विचार करून वापरायचो. तिसरा एक असतो, 'उपस्थिती अपेक्षित'. तिथं सरळ फोन करून विचारा, कारण लिहिणाऱ्यालाही तेव्हा नक्की ठरवता आलेलं नसतं.

पांढऱ्या पोशाखासाठी महाद्वार रोडला धावू नका. पी.टी.चा पांढरा गणवेश धुऊन इस्त्री केला की झालं. नवीन फ्रॉक घेऊन आलेली मुलगी दिवसभर डाग पडेल म्हणून कोपऱ्यात उभी राहते, हे मी पाहिलंय. ईस्टरला अंडी वाटतात, बहुतेक चॉकलेटची किंवा साखरेची. साखरेच्या अंड्यावरच्या नक्षीत खऱ्या अंड्याचा पांढरा भाग असू शकतो. तुम्ही शाकाहारी असाल तर आधी सांगून ठेवा. आमच्याकडं जैन घरातली मुलं बरीच होती, त्यांच्यासाठी आम्ही रेवड्या आणायचो, आणि मग सगळ्याच पोरांना रेवड्या हव्या असायच्या.

सरकारच्या तारखा कमी, पण गोंधळ मोठा करतात. दहावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते; तुमची शाळा केंद्र असेल तर पेपरच्या दिवशी खालच्या वर्गांना सुट्टी किंवा वेळ बदल. पुढं उन्हामुळं सकाळची शाळा सुरू होते. त्या सोमवारी शाळेच्या फाटकाबाहेर दर वर्षी एकच दृश्य : रिक्षामामांना कुणी सांगितलेलंच नसतं. पत्रक पालकांना मिळतं, रिक्षावाल्यांना नाही. त्यांना आदल्या शुक्रवारी तुम्हीच सांगा. परीक्षेचं म्हणाल तर २०२५ मध्ये राज्य मंडळाच्या शाळांतल्या पहिली ते नववीच्या परीक्षा एप्रिलअखेरपर्यंत नेल्या होत्या, त्यामुळं १५ एप्रिलची गावाकडची तिकिटं आताच काढून ठेवू नका. राज्य मंडळाच्या शाळांत निकाल साधारण १ मे रोजी, झेंडावंदन झाल्यावर देतात. निकाल हातात आल्याशिवाय कोल्हापूर सोडायचं नाही हा साधा नियम.

फी, वाचनालयाची पुस्तकं, आधार कार्डावरचं आणि शाळेच्या रजिस्टरातलं नाव जुळतंय का, हे मार्चमध्ये उरकून टाका. नावातली वेलांटी दहावीत छळते. फी वाढल्याची सूचना आली तर २०११ च्या शुल्क नियमन कायद्याप्रमाणं ती पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढं गेली होती का, एवढं नम्रपणे विचारायला हरकत नाही. मेच्या सुट्टीत चर्चमध्ये मुलांसाठी आठ-दहा दिवसांची बायबल शाळा भरते. गाणी, गोष्टी, हस्तकला. तिचं पत्रक शाळेतून वाटलं तरी ती शाळेचा भाग नव्हे. नाव नोंदवलं नाही म्हणून पुढच्या वर्षी काही अडत नाही.

राहिले सासरे. त्यांना सांगा, या शहरात मिशनच्या शाळा आजच्या नाहीत. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ मध्ये इथं आले आणि त्यांनी शाळा काढल्या. तेव्हापासून इथल्या घरांनी मुलं पाठवली, शिकवून घेतली आणि जोतिबाला जायचंही सोडलं नाही. तरी त्यांचं समाधान झालं नाही तर त्यांनाच एकदा निकालाच्या दिवशी शाळेत घेऊन या. वर्गशिक्षिकेशी बोलू द्या. आजोबांचे प्रश्न आईबापांपेक्षा स्पष्ट असतात आणि बाई त्यांना उत्तरंही नीट देतात.

तोंडीच्या अर्जावर तुमची आणि मुलीच्या वडिलांची, दोघांची सही घ्या, आणि वर्गशिक्षिकेकडून कॅलेंडरमध्ये 'मिळाला' असं लिहून घ्यायला विसरू नका.